आधी कुणी मोडायचं?

भाच्याने गाडी घेतली. जुनी, पण जोरदार. नारिंगी ३९० ड्यूक. चाकणच्या कारखान्यात जन्मलेली, कात्रजच्या एका पोराने दोन वर्षं पिळलेली आणि आता आमच्या पार्किंगमध्ये माझ्या अॅक्टिव्हाशेजारी मान वाकडी करून उभी. घरी आणल्या आणल्या त्याने तिच्यावर पहिली शस्त्रक्रिया कोणती केली, ओळखा. मागच्या चाकाजवळचा साडी गार्ड काढला. स्वतः, पाना घेऊन, घामाघूम होत.

"मामा, त्याने लूकची वाट लागते."

केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १२३ क्रमांकाचा नियम मागे बसणाऱ्यासाठी तीनच गोष्टी मागतो. धरायला काहीतरी, पाय ठेवायला काहीतरी आणि मागचं चाक निदान निम्मं झाकणारं आवरण. म्हणजे संरक्षणाची जी वस्तू कायद्याने आणि कंपनीने फुकटात दिली होती, ती माळ्यावर गेली. माझी बहीण ओढणी घेते. पण तिने या गाडीवर बसायचं नाही, असं गाडीच्या मागच्या सीटनेच ठरवलेलं असल्यामुळे तो प्रश्न मिटला. आणि माळ्यावरून खाली उतरता उतरता भाचा म्हणाला, "चल मामा, आता गाडीला प्रोटेक्शन बसवू. स्लायडर."

ज्यांच्या घरात वीस वर्षांचं पोर नाही, त्यांच्यासाठी सांगतो. स्लायडर म्हणजे इंजिनाच्या दोन्ही अंगांना बाहेर डोकावणारा प्लॅस्टिकचा गट्टू. गाडी आडवी झाली की टाकी, इंजिनाचं कव्हर आणि फ्रेम रस्त्याला लागण्याआधी तो लागतो. स्वतः झिजतो, गाडीला घसरू देतो. काम एवढंच. लेग गार्ड हा त्याचा लोखंडी थोरला भाऊ.

या थोरल्या भावाची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. खेड्यात लेग गार्ड संरक्षण खात्यात नसून मालवाहतूक खात्यात असतो. त्याला दुधाची कॅन अडकते, खताचं पोतं टेकतं, पोराचं दप्तर लटकतं. त्याच्यावर रंगीत नायलॉनची दोरी गच्च गुंडाळलेली असते. का, तर गार्डला ओरखडे पडू नयेत म्हणून! गाडी वाचवायला गार्ड, गार्ड वाचवायला दोरी. उद्या दोरी मळू नये म्हणून तिच्यावर प्लॅस्टिक आलं तरी मला नवल वाटणार नाही. टीव्हीच्या रिमोटवर आपण ते केव्हाच चढवलं आहे.

बुलेटवाल्यांमध्ये एका लोकप्रिय गार्डचं नाव बटरफ्लाय आहे. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो. तिला फुलपाखराचे पंख लावायचे म्हणजे कुस्तीगिराला पैंजण बांधण्यासारखं. शहरातल्या स्कूटरची तऱ्हा निराळी. तिला चारी बाजूंनी स्टीलचा पाइप फिरवलेला असतो. माझी अॅक्टिव्हा दुरून एखाद्या पेठेतल्या बाल्कनीच्या ग्रिलसारखी दिसते. फक्त कपडे वाळत घालायचे बाकी आहेत. चारचाकीवाल्यांनी हाच शौक पुढच्या बंपरवर इतका केला की २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून बुलबार बेकायदा आहेत, कारवाई करा, असं कळवलं. कारण साधं होतं. आपलं बंपर वाचवणारं ते लोखंड समोरच्या पादचाऱ्याच्या मांडीत घुसतं. संरक्षण म्हणजे कुणाचं, हा प्रश्न तेव्हापासून रस्त्यात उभा आहे आणि आपण त्याला हॉर्न देतो आहोत.

असो. आम्ही नाना पेठेत गेलो.

नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं एकमेकींना टेकून उभी आहेत. दुकानदाराने काउंटरवर मिठाई मांडावी तशा चार जोड्या मांडल्या. लाल, निळी, सोनेरी आणि एक काळी, मुकी.

"दादा, ही ओरिजिनलची कॉपी. आणि ही कॉपीची कॉपी, पण फिनिशिंग बघा."

मी विचारलं, "कशाचे बनलेत हे?"

"फायबरचे, काका."

नाना पेठेत जे लोखंड नाही ते सगळं फायबर असतं.

"कुठल्या गाडीचे?"

"युनिव्हर्सल."

युनिव्हर्सल म्हणजे कुठल्याच गाडीचा नाही, हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. भाच्याने सोनेरी जोडी उचलली, मोबाइलमधल्या गाडीच्या फोटोशेजारी धरली, मान तिरकी केली आणि म्हणाला, "नारिंगीवर उठून दिसेल." साडेआठशे रुपये. गाडी पडल्यावर काय होईल याची सोय करायला गेलो होतो; गाडी उभी असताना कशी दिसेल ते ठरवून आलो.

फिटिंग फुकट होतं, आणि फुकटासारखंच झालं. बसवणाऱ्या पोराने इंजिन धरून ठेवणारे दोन्ही बाजूंचे बोल्ट एकदमच काढले. इंजिन खालून टेकू नसल्यामुळे जरासं बसलं. भोकं जुळेनात. मग टॉमीने उचकटून जुळवली. नवा लांब बोल्ट घातला, पान्याला पाइप लावला आणि पोर त्या पाइपावर झोपाळ्यासारखं लटकलं. "टॉर्क रेंच नाही का?" मी विचारलं. कुठला बोल्ट किती आवळायचा याचे आकडे कंपनीच्या पुस्तकात छापलेले असतात, एवढं मला माहीत होतं.

"हाताला कळतं, काका."

हाताला कळतं या तत्त्वावर आपल्याकडे इंजेक्शनपासून पुलापर्यंत सगळं चालतं.

आठ दिवसांनी गाडी पडली. ताम्हिणीच्या वळणावर नाही, वरंध्यात नाही. सोसायटीच्या फाटकात. वेग ताशी शून्य किलोमीटर. पाऊस नुकताच पडून गेलेला, पेव्हर ब्लॉकवर शेवाळ, भाचा गाडी वळवत होता. डावा पाय टेकवायला गेला, तिथे ब्लॉक नव्हता. ब्लॉकची जागा होती. आधी गाडी कलली, मग भाचा कलला, मग दोघांनीही विचार बदलला, पण उशीर झाला होता.

उचलून पाहिली. क्लचचा लिव्हर मोडलेला. हँडलच्या टोकाला टवका. फुटरेस्ट वाकलेला. डाव्या अंगाच्या मॅग्नेटोच्या कव्हरवर रुपयाएवढा ओरखडा. भाच्याच्या तळहाताची साल निघालेली, कारण ग्लोव्हज घरी होते. आणि सोनेरी स्लायडर? कोरा करकरीत. त्याला रस्ता दिसलाच नव्हता.

भाचा आनंदाने ओरडला, "मामा, बघ, स्लायडरला काहीच झालं नाही!"

त्या वाक्याने माझी झोप उडाली. दुसऱ्या रविवारी सकाळी मी माळ्यावरून जुनी कापसाची गादी काढली.

गादी पार्किंगमध्ये अंथरली. टाकीत पेट्रोल तळाला होतं. दोघांनी मिळून गाडी डाव्या अंगावर हळूहळू, बाळाला निजवतात तशी, गादीवर टेकवायला घेतली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "गाडीला बरं नाही का?" मी म्हटलं, तपासणी चालू आहे. मग मी पोटावर पडून बघायला लागलो. सगळ्यात आधी हँडलचं टोक टेकलं. मग फुटरेस्ट. मग पाठोपाठ इंजिनाचं कव्हर. सोनेरी गट्टू कव्हरच्या आड, हवेत, सुरक्षित. आम्ही साडेआठशे रुपये देऊन स्लायडरला इंजिनाचं संरक्षण घेतलं होतं.

ही गादी प्रत्येकाने अंथरावी. तेवढा उत्साह नसेल तर सुतळी घ्या. एक टोक हँडलच्या टोकाला, दुसरं फुटरेस्टच्या टोकाला. ताणून धरा. प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही हे, पण सुतळी म्हणजे ढोबळमानाने रस्ता. पडलेली गाडी तिपाईसारखी उभी राहायला हवी. एक पाय हँडल, एक फुटरेस्ट, आणि तिसरा स्लायडर. तिसरा पाय आखूड असेल तर त्याची जागा इंजिन घेतं. कव्हर फुटलं की तेल सांडतं. तेल सांडलं की गाडी तिथेच राहते आणि आपण रिक्षा शोधतो.

"मग लांबात लांब घेऊ," भाचा म्हणाला. पुढची चूक नेहमी मागच्या चुकीच्या बरोबर उलट्या बाजूला उभी असते.

स्लायडर लांब झाला की तो स्लायडर राहत नाही, पहार होतो. पाच सेंटिमीटरचा गट्टू दहा सेंटिमीटरचा केला तर तेवढ्याच धक्क्याला बोल्टच्या मुळाशी वाकवणारा जोर दुप्पट होतो. पहारीने दगड उचकटतात. लांब स्लायडरने इंजिन. शिवाय गुळगुळीत डांबरावर जो छान घसरतो तोच गट्टू साइडपट्टीच्या मातीत किंवा दुभाजकाच्या कडेला रुतला की गाडी कोलांटी मारते. म्हणून पुरेल एवढाच बाहेर, वर बोटभरही नाही.

आता पोटातलं बघा. चांगला गट्टू बहुधा अॅसिटलचा असतो, बाजारात त्याला डेलरिन म्हणतात, नाहीतर नायलॉनचा. अॅसिटल कडक आणि अंगाने गुळगुळीत, पाणी फारसं पीत नाही. नायलॉन चिवट, पण पाणी पितो आणि किंचित फुगतो. दोन्ही चालतात. भोसरीतला एखादा टर्नर लेथवर नायलॉनच्या रॉडमधून असा गट्टू अर्ध्या तासात कातून देईल, आणि तो सोनेरी कॉपीच्या कॉपीपेक्षा इमानी असेल. पण त्याच्या मधोमध धातूची नळी हवी. नळी नसेल तर बोल्ट आवळताना सगळा दाब प्लॅस्टिकवर येतो, प्लॅस्टिक महिना-दोन महिन्यांत दबतं आणि बोल्ट सैल होतो. हा बोल्ट शोभेचा नसतो हो. तोच इंजिनाला फ्रेमशी धरून ठेवतो. तोरण लावायला घराचा खांब हलवण्यासारखं झालं ते.

मग गट्ट्याच्या भोकात बोट घाला. बोल्टचं डोकं किती आत आहे? अर्धं पेर तरी आत जायला हवं. डोकं अगदी काठाशी असेल तर पहिल्या चार फुटांतच प्लॅस्टिक झिजून बोल्ट रस्त्याला लागतो, आणि पुढे घसरण्याऐवजी खरवडणं सुरू होतं. आमच्या सोनेरी गट्ट्यात बोट घालायला जागाच नव्हती. तिथे बोल्टच्या डोक्यावर छान कंपनीचं चिन्ह होतं. चिन्ह दिसलं पाहिजे ना.

बोल्टच्या डोक्यावर चिन्ह नको, आकडे हवेत. ८.८, १०.९ असे. पहिला आकडा शंभराने गुणला की बोल्टची ताणशक्ती मेगापास्कलमध्ये मिळते. दुसरा सांगतो की त्या शक्तीच्या किती टक्क्यांवर तो कायमचा ताणला जायला लागतो. १०.९ म्हणजे एक हजार, आणि त्याचे नव्वद टक्के. दुकानात मिळतो तो चकचकीत स्टेनलेसचा बोल्ट बहुतेकदा ए२-७० असतो, ताणशक्ती सातशेची. म्हणजे तो काळा, तेलकट, दिसायला लोहाराच्या भात्यातला वाटणारा बोल्ट या चकचकीतापेक्षा कितीतरी भारी. हे वाचून कुणाला लग्नाच्या बाजाराची आठवण झाली तर तो माझा दोष नाही.

"मग सगळ्यात दणकट बोल्ट घेऊ," भाचा. पुन्हा पलीकडची चूक.

इथे खरी मेख आहे. गाडी पडली की धक्का कुठेतरी जाणारच. तो नाहीसा करणारं यंत्र अजून कुणी विकत नाही, नाना पेठेतसुद्धा. धक्क्याने आधी काय मोडावं, एवढंच आपल्या हातात असतं. स्लायडर निवडणं म्हणजे मोडायचा क्रम ठरवणं. आधी गट्टू झिजावा. त्याने भागलं नाही तर बोल्ट वाकावा. त्यानेही भागलं नाही तर गट्टू धरणारी पट्टी वाकावी. फ्रेम आणि इंजिनाचं अंग सगळ्यात शेवटी. बोल्ट इतका हट्टी निघाला की मोडतही नाही आणि वाकतही नाही, तर धक्का सरळ बोल्ट धरणाऱ्या फ्रेमच्या कानात जातो आणि तो कान तडकतो. बोल्ट वाचला, फ्रेम गेली. आणि फ्रेम गेली तर चासी नंबर गेला. चासी नंबर गेला की आरटीओच्या खिडकीसमोर ही आपलीच गाडी आहे हे सिद्ध करत उभं राहायचं. त्यापेक्षा घाटातून घसरलेलं बरं.

सरकारला मात्र हे शास्त्र कुणी शिकवावं लागत नाही. पूल कोसळला की आधी कोण घासला जातो? कनिष्ठ अभियंता. त्याने भागलं नाही तर कंत्राटदार थोडा वाकतो, काळ्या यादीत जातो आणि मेव्हण्याच्या नावाने सरळ होऊन येतो. फ्रेमला ओरखडा नाही. पेपर फुटला की शिपाई झिजतो. चौकशी समिती तर अस्सल अॅसिटलची. वर्षभर सुळकन घसरत राहते, आणि ती थांबते तेव्हा बघ्यांची गर्दी केव्हाच घरी गेलेली असते. घरातही तेच. सासू आणि सून या दोन टोकांमध्ये जो गट्टू बाहेर डोकावतो त्याला नवरा म्हणतात. फरक एवढाच आहे की गाडीचा स्लायडर पडल्यावर काढून नवा बसवतात. सरकारात तोच पुसून, पॉलिश करून, बढतीसह दुसऱ्या खात्यात बसवतात.

शर्यतीच्या मैदानावर हाच क्रम जरा निराळ्या मनाने लावलेला दिसतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली, तेव्हा आपल्या पोरांनी त्या गाड्यांचे फोटो बारकाईने पाहिले. गुडघ्यावरचे स्लायडर पाहिले, रंग पाहिले. ब्रेकच्या लिव्हरपुढची कमान किती जणांनी पाहिली? ती तिथे सक्तीची आहे, कारण शेजारच्या गाडीचा नुसता धक्का लागून लिव्हर दाबला गेला तर स्वार हवेत जातो. उत्पादनातल्याच गाड्यांच्या शर्यतीत इंजिनाच्या कव्हरवर दुसरं जाड कव्हर बसवायला लावतात. त्यात आपलं इंजिन वाचण्यापेक्षा मोठा हिशेब मागून येणाऱ्यांचा असतो. कव्हर फुटून तेल ट्रॅकवर सांडलं तर पाठचे पाचदहा जण त्याच्यावरून घसरतील. पडलेल्याने उठण्याआधी मागच्याची काळजी घ्यायची, असा नियम. आपल्याकडे डिझेल सांडत जाणारा ट्रक पहिल्या पावसात अख्खा चौक घसरगुंडी करून जातो, आणि आपण त्याच्यावर एक तुटकी फांदी ठेवून नागरिकाचं कर्तव्य पार पाडतो. मागच्यासाठी गाडीवर एकच वस्तू होती. ती साडी गार्ड. ती माळ्यावर आहे.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. "प्रोटेक्शन बसवलं" असं म्हणताना आपल्याला वाटतं, आपलं झालं. झालं गाडीचं. १९८१ साली हॅरी हर्ट यांचा अहवाल अमेरिकेत प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिस परिसरातल्या मोटरसायकलींच्या सुमारे नऊशे अपघातांची त्यांच्या चमूने जागेवर जाऊन तपासणी केली होती. क्रॅश बारबद्दल, म्हणजे आपल्या लेग गार्डबद्दल, त्यांचा निष्कर्ष असा निघाला की पावलाच्या आणि घोट्याच्या जखमा कमी होतात, पण तेवढ्याच मांडी, गुडघा आणि नडगीच्या वाढतात. पायाची वजाबाकी पायातच बेरीज होऊन परत येते. गार्डने पाय वाचतो हे आपण इतक्या श्रद्धेने बोलतो की त्याच श्रद्धेने त्याच गार्डला लिंबू-मिरची बांधतो. त्या दोन्हींपैकी कुणाचा पुरावा जास्त, ते मी सांगत नाही.

आणि हा आकडा ऐकून घ्या. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. रस्ते मंत्रालयाच्याच अहवालात आहे. त्यातले जवळजवळ पंचेचाळीस टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट न घातलेले ५०,०२९. पन्नास हजार! यांच्यापैकी कितीजणांच्या गाड्यांना गार्ड होते, त्याची नोंद कुणी ठेवत नाही. पण आपल्या चौकात पाच मिनिटं उभे राहा. गार्ड मोजा, हेल्मेटं मोजा. हेल्मेटं मोजताना डोक्यावरची वेगळी आणि गार्डला अडकवलेली वेगळी मोजा. गार्डची काळजी घ्यायला हेल्मेट, असाही आमच्याकडे क्रम आहे.

पुण्याबद्दल तर मी बोलायलाच नको. २०१९ च्या जानेवारीत इथे हेल्मेटची कारवाई कडक झाली, तर विरोधात लोक रस्त्यावर उतरले. मान दुखते, ऐकू येत नाही, केस जातात, व्यक्तिस्वातंत्र्य जातं. स्वातंत्र्याची ही व्याख्या टिळकांना सुचली नव्हती. स्लायडरविरोधी मोर्चा मात्र एकदाही निघालेला नाही. आपल्या डोक्याला कवच घालणं हा जुलूम. गाडीच्या इंजिनाला घालणं ही हौस. मोडायचा क्रम आपण असा लावला आहे. आधी डोकं, मग गुडघा, मग तळहात आणि अगदीच नाइलाज झाला तर टाकीचा रंग.

भाच्याचं काय झालं ते सांगतो. सोनेरी जोडी परत घ्यायला दुकानदाराने नकार दिला. "वापरलेला माल, दादा." मी म्हटलं, अहो, वापरलेलाच नाही, हीच तर तक्रार आहे. तो हसला, पण पैसे दिले नाहीत. मग त्याच गाडीच्या मापाची काळी, मुकी जोडी घेतली. पोटात नळी, बोल्टवर आकडे, बोट घालायला जागा. किंमत चौपट. बसवताना खाली जॅक लावला, एका बाजूचा बोल्ट पूर्ण बसल्यावर मगच दुसऱ्या बाजूला हात लावला आणि टॉर्क रेंच असलेल्या गॅरेजला दोनशे रुपये जास्त दिले. मग पुन्हा गादी. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी या वेळी चहा आणला. गाडी टेकली. हँडल, स्लायडर, फुटरेस्ट. कव्हरखालून माझी बोटं आरपार गेली. भाचा म्हणाला, "दिसायला काही खास नाही रे." मी म्हटलं, विम्याचा कागद तरी कुठे दिसायला खास असतो? त्यावरून आठवलं. बाहेरून बसवलेली अॅक्सेसरी विमा कंपनीला आधी कळवून नोंदवली नसेल, तर तिच्या नुकसानीचे पैसे मागायला जाऊ नका.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. स्लायडरच्या चौपट किमतीच्या आधी तीन खर्च. आयएसआयचं हेल्मेट, बंद पट्ट्यासह. बोटं पूर्ण झाकणारे ग्लोव्हज. आणि पुढचा टायर, ज्याची नक्षी पुसून तो कपाळासारखा झाला होता. गाडी पडूच नये यासाठी जो खर्च होतो तो टायरवर होतो, पण टायर सोनेरी मिळत नाही, ही त्याची अडचण आहे. साडी गार्डही माळ्यावरून उतरला. भाचा तोंड वाकडं करून बसला. तोंड वाकडं झालेलं चालतं, ते आपोआप सरळ होतं.

तुम्हीही गट्टू घ्यायला जाल तेव्हा रंग शेवटी बघा. माप गाडीचं, नळी पोटात, बोल्टचं डोकं आत, आकडे डोक्यावर. एकदा जोरात पडलात तर गट्टू आणि बोल्ट दोन्ही बदला; वाकलेला बोल्ट सरळ करून परत घालणारा मेकॅनिक भेटला तर त्याला नमस्कार करा आणि दुसरं गॅरेज शोधा. आणि देव न करो, पण गाडी पडलीच, उठून पाहिलीत आणि स्लायडर कोरा करकरीत दिसला, तर खूश होऊ नका. रस्त्याने आपला हप्ता घेतलेलाच असतो. दुसरं काय घासलं गेलंय ते शोधा. आधी स्वतःच्या अंगावर शोधा.